दात आणि फिलिंग यांच्यामधली फट

१९५२ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जॉर्ज पॅफेनबार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काढलेल्या दातातली पोकळी त्यांनी भरली, तो दात बर्फाच्या पाण्यात बुडवला, मग बाहेर काढून बोटांच्या उबेत धरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ॲक्रिलिकचे फिलिंग असेल तर त्याच्या कडेने पाण्याचे बारीक थेंब बाहेर येताना स्पष्ट दिसत होते. ॲक्रिलिक उष्णतेने दाताच्या सात-आठ पट प्रसरण पावते. थंडीत ते दातापेक्षा जास्त आकसले, कडेला फट पडली आणि पाणी आत शिरले. ऊब मिळताच ते फुगले आणि तेच पाणी बाहेर ढकलले गेले. तोंडात हीच क्रिया प्रत्येक गार घोटाला आणि प्रत्येक गरम घासाला होणार, आणि पाण्याऐवजी लाळ, साखर आणि जिवाणू आत-बाहेर करणार, हे उघड होते. फिलिंग वरून शाबूत दिसावे आणि खाली दात पुन्हा किडावा, या तक्रारीचे कारण या प्रयोगाने डोळ्यांना दाखवले. दात भरण्याच्या साहित्याचा इतिहास बहुधा पदार्थांच्या बळकटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: अमुक पदार्थ कठीण होता, तमुक त्याहून कठीण निघाला. माझ्या मते हा इतिहास मुख्यतः या फटीचा आहे. कंपोझिट फिलिंगची, म्हणजे प्लास्टिकसारख्या रेझिनमध्ये खनिज कण मिसळून केलेल्या फिलिंगची, गेल्या सत्तर वर्षांतली प्रत्येक मोठी झेप आणि प्रत्येक मोठी फसगत दात आणि परका पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात तिथेच झाली. आणि फिलिंग सुरक्षित असणे व ते टिकाऊ असणे हे दोन वेगळे गुण आहेत असे आपण समजतो, तेही या फटीपाशी आल्यावर टिकत नाही.

कंपोझिट येण्याआधी दाढेत भरायला पारा होता. चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीत पारा कालवून होणारे अमाल्गम, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘चांदी भरणे’ म्हणतात, ते फ्रान्समधून अमेरिकेत १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी नेले. सोन्याचा पत्रा ठोकून दात भरणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांना ही भेसळ वाटली. त्यांच्या संघटनेने १८४०च्या दशकात सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेतली, आणि या वादाने पोखरलेली ती संघटना १८५६ मध्ये मोडलीच. अमाल्गम मात्र राहिले. १८९०च्या दशकात शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याचे प्रमाण बसवून दिल्यावर ते जगभरच्या दवाखान्यांत स्थिरावले. त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण क्वचितच सांगितले जाते. अमाल्गम दाताला चिकटत नाही, सुरुवातीला त्याच्याही कडेला फट असतेच. पण तोंडात ते हळूहळू गंजते आणि गंजाचे ते क्षार त्याच फटीत साचून ती बुजवतात. त्याचा दोषच त्याला तारून नेतो. या सोयीची किंमत दात मोजत असे. चिकटत नसलेला पदार्थ अडकून राहावा म्हणून पोकळी आतून रुंद कोरावी लागे, आणि पुढे कीड लागू नये म्हणून आसपासचा निरोगी भागही कापून टाकावा, अशी ब्लॅक यांची शिकवण होती. एकेक पिढी या शिकवणीने घडली आणि कोट्यवधी दातांचा धडधाकट भाग त्यात गेला.

पुढच्या दातांत हा काळसर धातू चालत नसे. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकेट सिमेंट भरले जाई. ते दातासारखे दिसे, पण लाळेत विरघळत जाई आणि काही वर्षांत त्याचा खड्डा होई. तरीही त्याच्या कडेला नवी कीड फारशी लागत नसे, कारण विरघळताना त्यातून फ्लोराइड बाहेर पडे. हा धडा पुढे पन्नास वर्षे जवळजवळ विसरला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत तोंडातल्या तापमानालाच घट्ट होणारे ॲक्रिलिक तयार झाले आणि युद्धानंतर ते सर्वत्र पसरले. रंग उत्तम, विरघळण्याची भीती नाही. पण घट्ट होताना ते आकसत होते, तापमानाबरोबर मागेपुढे होत होते, आणि पॅफेनबार्गर यांच्या सूक्ष्मदर्शकाने दाखवले ते त्याचे खरे रूप होते.

फटीवरचा पहिला खरा उपाय फिलिंगच्या रसायनातून आला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथील ईस्टमन दंतचिकित्सालयात काम करणारे मायकेल बुओनोकोर यांनी पाहिले की कारखान्यांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून त्याचा पृष्ठभाग आधी फॉस्फरिक आम्लाने धुतात. त्यांनी तेच दाताच्या वरच्या आवरणावर, म्हणजे एनॅमलवर, करून पाहिले: ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल, ३० सेकंद. स्वयंसेवकांच्या दातांवर ॲक्रिलिकचे थेंब लावून ते किती काळ टिकतात हे त्यांनी मोजले. कोऱ्या एनॅमलवरचे थेंब काही तासांत सुटले, आम्ल लावलेल्या जागेवरचे कित्येक आठवडे टिकले. आम्लाने एनॅमलच्या स्फटिकांत सूक्ष्म खाचा पडत होत्या आणि पातळ ॲक्रिलिक त्यांत उतरून रुतून बसत होते. १९५५ मध्ये हा छोटा निबंध छापला गेला आणि जवळजवळ दशकभर दंतवैद्यांनी त्याकडे काणाडोळा केला. निरोगी दातावर मुद्दाम आम्ल ओतायचे ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. हा आक्षेप अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. शतकभर आम्ल हाच दाताचा मूळ शत्रू मानला गेला होता, आणि तो योग्यच मानला गेला होता. शिवाय जो पदार्थ चिकटवायचा तो ॲक्रिलिकच असेल तर आकसण्याचा ताण सांध्यावर येणारच होता.

तो पदार्थ बदलण्याचे काम राफेल बोवेन यांनी केले. कॅलिफोर्नियात दंतवैद्यकी करत असतानाच ते फिलिंगच्या प्रश्नाने पछाडले गेले होते, आणि १९५६ मध्ये ते अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या योजनेतून नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये दाखल झाले. प्रथम त्यांनी इपॉक्सी घेतले. ते कमी आकसत होते आणि घट्ट चिकटत होते, पण तोंडात घट्ट व्हायला त्याला फार वेळ लागे. ॲक्रिलिक चटकन घट्ट होई, पण आकसे. बोवेन यांनी दोघांचे गुण एका रेणूत आणले: बिस्फेनॉल-ए हा इपॉक्सीचा कणा मधे आणि दोन्ही टोकांना ॲक्रिलिकच्या जातीचे मेथॅक्रिलेट. हा रेणू मोठा आणि लांबट होता, त्यामुळे तेवढ्याच जागेत जुळणाऱ्या टोकांची संख्या कमी, म्हणून आकसणेही कमी. त्याला पुढे बिस-जीएमए हे नाव पडले. त्यात त्यांनी सिलिकाची भुकटी भरपूर घातली, इतकी की वजनाने निम्म्याहून बराच अधिक भाग तिचाच झाला. नुसती भुकटी घातली असती तर प्रत्येक कणाभोवती पुन्हा एक फट राहिली असती, आणि लाळेने तिथूनच पदार्थ पोखरला असता. म्हणून बोवेन यांनी सिलिकाच्या कणांवर सिलेनचा लेप दिला. हा रेणू एका टोकाने काचेला आणि दुसऱ्या टोकाने रेझिनला रासायनिक बंधाने धरतो. १९६२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. आजही बहुतेक कंपोझिट फिलिंग याच तीन गोष्टींवर उभे आहे: बिस-जीएमए किंवा त्याचा भाऊबंद, खनिज कण, आणि दोघांना सांधणारे सिलेन. त्यात एक अडचण जन्मापासूनच होती. बिस-जीएमए मधापेक्षाही दाट, त्यामुळे त्यात पुरेशी भुकटी मिसळण्यासाठी ते पातळ रेणूंनी सैल करावे लागे, आणि हे पातळ रेणू आकसणे पुन्हा वाढवत. घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसणे राहिलेच.

१९६०च्या दशकात थ्रीएम कंपनीने ‘ॲडेंट’ आणले, दशकाच्या अखेरीस जॉन्सन अँड जॉन्सनचे ‘ॲडॅप्टिक’ आले. दोन लगदे एकत्र घोटायचे आणि भरायचे. पुढच्या दातांत यश डोळ्यांत भरणारे होते, म्हणून दाढांतही भरून पाहिले गेले. इथे या इतिहासातली एक चूक पहिल्यांदा स्पष्ट होते, आणि ती पुढे वारंवार दिसते: निकाल तोंडाने द्यायचा असतो, पण घाई बाजाराची असते. इंडियाना विद्यापीठात राल्फ फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी दाढांत ॲडॅप्टिक आणि अमाल्गम भरून दरवर्षी तपासणी केली. पहिल्या वर्षी कंपोझिट अमाल्गमच्या तोडीस तोड दिसले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते झिजून दाताच्या कडेपेक्षा खाली गेले होते. क्वार्ट्झचे कण मोठे होते; चावताना भोवतालचे रेझिन झिजे, कण उघडे पडून निखळत आणि पृष्ठभाग खरबरीत होई. मग कण बारीक करण्याची शर्यत सुरू झाली. धुराइतक्या बारीक सिलिकाचे मायक्रोफिल झळाळीत उत्तम, पण ताकदीत कमी. लहान-मोठ्या कणांचे मिश्रण असलेले हायब्रिड दाढेसाठी बरे. २००२ मध्ये थ्रीएमने बाजारात आणलेल्या नॅनोकंपोझिटमागे सुमिता मित्रा यांचे संशोधन होते. कलकत्त्यात शिकून मिशिगनला पीएचडी केलेल्या या रसायनतज्ज्ञ महिलेने नॅनोकणांचे असे झुबके बनवले की झिजताना पूर्ण झुबका न निखळता त्यातले कण एकेक सुटतात, म्हणून ताकद राहते आणि चकाकीही. झिजेचा प्रश्न बराचसा इथे सुटला. फटीचा सुटला नाही.

प्रकाशाने घट्ट होणाऱ्या फिलिंगची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. प्रथम अतिनील किरण वापरले, पण ते खोल जात नसत आणि डोळ्यांना घातक. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने निळ्या प्रकाशाने जागे होणारे रसायन शोधले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मँचेस्टरच्या दंतमहाविद्यालयात मोहम्मद बसिउनी यांनी अशा पदार्थाचे पहिले फिलिंग भरले. दंतवैद्याला हवा तितका वेळ मिळाला आणि कंपोझिट घरोघर पोहोचले. पण निळा प्रकाशही साधारण दोन मिलिमीटरपर्यंतच नीट पोहोचतो. थर जाड झाला की तळाचा भाग अर्धकच्चा राहतो. तिथे सांधा कमजोर होतो आणि न जुळलेले रेणू लाळेत सुटतात. टिकाऊपणा आणि सुरक्षितता यांची गाठ इथे पहिल्यांदा उघड दिसते: एकच हलगर्जी दोन्ही बिघडवते.

एनॅमलच्या खालचे डेंटीन हे अधिक अवघड प्रकरण होते. त्यात पाणी आहे, कोलाजेनचे तंतू आहेत, जिवंत पेशींच्या नळ्या आहेत; रेझिनला पाणी वावडे. टोकियोत ताकाओ फुसायामा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस डेंटीनवरही आम्ल लावायला सुरुवात केली तेव्हा अमेरिकी दंतवैद्यकाने त्यांना जवळजवळ गुन्हेगार ठरवले. आम्ल आत झिरपून दाताचा मगज मरेल अशी भीती होती. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवले की आम्लाने खनिज निघून गेल्यावर उघड्या पडलेल्या कोलाजेनच्या जाळ्यात योग्य रेणू शिरले तर दात आणि रेझिन यांचा मिळून एक नवाच थर तयार होतो, जो ना पुरता दात असतो ना पुरते फिलिंग. दशकभराने पश्चिमेने ते मान्य केले. मगज मरण्याची भीती बऱ्याच अंशी चुकीची ठरली. मगजाला खरा धोका आम्लापेक्षा फटीतून शिरणाऱ्या जिवाणूंचा होता. मात्र त्यानंतरच्या संशोधनाने आणखी एक कडू गोष्ट समोर आणली: हा सुंदर संकरित थर तोंडात काही वर्षांत झिजतो, कारण डेंटीनमधलीच विकरे उघडे राहिलेले कोलाजेन खाऊ लागतात.

१९९६ मध्ये प्रश्नाचे दुसरे अंग, सुरक्षितता, पुढे आले. स्पेनच्या ग्रनाडा विद्यापीठातले निकोलास ओलेआ आणि सहकारी यांनी दाढांच्या खाचांवर लावायच्या रेझिनच्या लेपानंतर १८ जणांची लाळ तपासली आणि तिच्यात बिस्फेनॉल-ए सापडल्याचे जाहीर केले. हा पदार्थ शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखा वागू शकतो, त्यामुळे खळबळ माजली. रसायनशास्त्राने त्यातला बराचसा गुंता उलगडला. बिस-जीएमएमधले बिस्फेनॉल ईथर बंधाने बांधलेले असते आणि ते लाळेत सहज सुटत नाही. काही लेपांमध्ये वापरलेला बिस-डीएमए हा रेणू एस्टर बंधाचा, तो लाळेतल्या विकरांनी फुटतो आणि बिस्फेनॉल मोकळे होते. शिवाय बनवताना राहून गेलेल्या अशुद्धीचे अंश असतातच. मिळणारी मात्रा अल्प आणि ती बहुतांशी भरल्यानंतरच्या थोड्या काळात येते; वरचा न जुळलेला थर पुसून टाकला, चूळ भरली तर ती आणखी घटते. हे समाधान खरे आहे, पण पुरेसे नाही. न्यू इंग्लंडमधल्या ५३४ मुलांच्या चाचणीत अमाल्गम आणि कंपोझिट भरलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात पाच वर्षांनी फरक आढळला नाही, पण २०१२ मध्ये त्याच मुलांच्या माहितीतून बिस-जीएमए असलेली फिलिंग जास्त काळ तोंडात असलेल्या मुलांत मानसिक-सामाजिक अडचणी किंचित जास्त दिसल्या. असा संबंध म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि बिस्फेनॉलच त्यामागे आहे असेही त्यातून ठरत नाही. तरीही मुलांच्या तोंडात वर्षानुवर्षे ठेवायच्या पदार्थाबाबत इतका संशयही गंभीरपणे घ्यायला हवा.

पाऱ्याबाबतही हिशोब असाच आहे. अमाल्गममधून पाऱ्याची वाफ सर्वाधिक सुटते ती फिलिंग भरताना आणि उकरून काढताना. रेझिनमधून सुटणारे रेणूही मुख्यतः नवे फिलिंग भरल्यावर. म्हणजे दोन्ही बाबतींत माणसावर येणारा भार फिलिंग किती वेळा बदलावे लागते यावर बराच अवलंबून आहे. प्रत्येक बदलात दातही थोडा आणखी कापला जातो. म्हणून फिलिंगचे आयुष्य दुप्पट करणे हाच सुरक्षिततेचा सर्वांत मोठा उपाय ठरतो, आणि नेमके इथेच कंपोझिट कमी पडत आले आहे. लिस्बनच्या कासा पिया संस्थेतल्या शाळकरी मुलांची मोठी चाचणी त्याची साक्ष देते. सात वर्षांनी अमाल्गमची ९४.४ टक्के फिलिंग शाबूत होती, कंपोझिटची ८५.५ टक्के, आणि कडेला नवी कीड लागण्याचा धोका कंपोझिटमध्ये साडेतीन पट होता.

यावर कंपोझिटच्या बाजूने एक सबळ आक्षेप घेतला जातो. स्वीडनच्या उमेओ येथे दाढांत भरलेली कंपोझिट फिलिंग ३० वर्षे तपासली गेली, त्यातली सुमारे ६३ टक्के शेवटपर्यंत टिकली. नेदरलँड्समधल्या एका दवाखान्यातल्या १२ वर्षांच्या नोंदींत, कीड कमी लागणाऱ्या रुग्णांत मोठी कंपोझिट फिलिंग अमाल्गमपेक्षाही सरस ठरली. मग लिस्बनचा निकाल पदार्थाचा दोष कसा मानायचा? आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. ज्या तोंडात कीड कमी, जिथे दंतवैद्य दात कोरडा ठेवून, थर-थर भरून, वेळ देऊन काम करतो, तिथे कंपोझिट उत्तम टिकते. ज्या मुलांना कीड जास्त लागते, जिथे लाळ आवरत नाही आणि वेळ नसतो, तिथे सांधा उघडतो. जगात दात भरून घ्यावे लागणारे बहुतेक लोक दुसऱ्या प्रकारच्या परिस्थितीत आहेत. केवळ कुशल हातांत आणि निरोगी तोंडात टिकणाऱ्या पदार्थाला मी अजून पूर्ण यशस्वी म्हणणार नाही.

सांधा का उघडतो याचे उत्तर बराच काळ ‘आकसणे’ हेच समजले जात होते. म्हणून थ्रीएमने सिलोरेन हे एक टक्क्याहून कमी आकसणारे नवे रेझिन २००७ मध्ये बाजारात आणले. चाचण्यांत ते जुन्या कंपोझिटपेक्षा ठळकपणे जास्त टिकले नाही आणि पुढे मागे घेतले गेले. आकसणे हे कारणांपैकी एक होते. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की किडीला कारण होणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जिवाणूच रेझिनमधले एस्टर बंध तोडणारी विकरे सोडतो. म्हणजे कडेला साचणारा किडीचा थर सांधा खातो, आणि रुंदावलेल्या सांध्यात आणखी जिवाणू राहायला येतात. अमाल्गमच्या फटीत क्षार साचतात, कंपोझिटच्या फटीत जिवाणूंना वस्ती मिळते. सिलिकेटने शिकवलेला फ्लोराइडचा धडाही इथे परत येतो: अमाल्गम आणि सिलिकेट दोघेही फटीला काहीतरी देत होते, कंपोझिट तिला काहीच देत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेने अनेक संशोधक गटांना अनुदान देताना बिस-जीएमएच्या चौकटीबाहेरचे आणि आजच्या फिलिंगच्या दुप्पट टिकणारे पदार्थ हे उद्दिष्ट ठेवले, ते या जाणिवेतून. एस्टर बंध नसलेले रेणू, जिवाणूंना आवरणारे रेणू, कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडून कड पुन्हा खनिजयुक्त करणारे कण, अशा दिशांनी काम चालू आहे. प्रयोगशाळेत यातले बरेच काही चमकदार दिसते. ॲडॅप्टिकही पहिल्या वर्षी चमकदारच दिसले होते.

दरम्यान जगाने अमाल्गमकडे पाठ फिरवली आहे, आणि ती मुख्यतः रुग्णांच्या भीतीमुळे नाही. दवाखान्यातल्या सांडपाण्यातून आणि स्मशानाच्या धुरातून पारा नद्यांत आणि माशांत पोहोचतो. नॉर्वेने २००८ मध्ये पाऱ्यावर सर्वसाधारण बंदी घातली. २०१३च्या मिनामाता कराराने अमाल्गम टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे बंधन घातले. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर अपवाद वगळता बंद केला. याचा अर्थ असा की ज्या तोंडांत कंपोझिट सर्वांत लवकर हरते, त्याच तोंडांत आता ते किंवा त्याचे भाऊबंद भरावे लागणार, आणि कोरडा दात, चांगला प्रकाश, वीज व वेळ यांची सोय नसलेल्या दवाखान्यांवर हा भार सर्वाधिक पडणार. मिनामाता करार लिहिणाऱ्यांना याची कल्पना असावी. अमाल्गम कमी करण्यासाठी देशांनी निवडायच्या उपायांची यादी त्यांनी कराराच्या परिशिष्टात दिली, त्यात स्वस्त आणि परिणामकारक पर्यायांचे संशोधन आहे, दंतवैद्यांच्या शिक्षणात बदल आहे, विम्याच्या नियमांत बदल आहे. पण या यादीतला पहिला उपाय कोणत्याही पदार्थाचा नाही. तो आहे दात किडूच नयेत अशी राष्ट्रीय उद्दिष्टे ठरवण्याचा, म्हणजे भरण्याची गरजच कमी व्हावी.